पासवर्ड विचारणारा पडदा कुणासाठी?

तळेगावला (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती महामार्गालगत माझ्या एका मित्राचं कृषी सेवा केंद्र आहे. खताची पोती, फवारणीची औषधं, उधारीच्या वह्या आणि या सगळ्याच्या मागे कोपऱ्यात एक जुना संगणक. मेमरी दोन जीबी, त्यावर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीईचा हलका डेस्कटॉप. बिलं करायची, साठा लिहायचा, अधूनमधून कुणाचा तरी सातबारा काढून द्यायचा, एवढंच त्याचं काम. दिवसातून एकदोनदा लाईन जाते. लाईन आली की यंत्र आपोआप सुरू व्हावं अशी सोय बायोसमध्ये करून ठेवलेली आहे. ते सुरूही होतं, आणि पासवर्डच्या पडद्यावर येऊन अडून बसतं. हा पासवर्ड मालकाला ठाऊक, पुतण्याला ठाऊक, हमालाला ठाऊक, आणि मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं लावून ठेवल्यामुळे गिऱ्हाइकालाही ठाऊक. एकदा मित्रानं मला विचारलं, "काहून गा, सगळ्याइले ठाऊक हाय, त मंग हा इचारते कायले?"

मला उत्तर सुचलं नाही. लाइटडीएम नावाचा तो लॉगिन मॅनेजर मी बंद केला आणि यंत्र सरळ डेस्कटॉपवर उतरेल असं केलं. लिनक्स वापरणाऱ्या ओळखीच्या चौघांत हे सहज बोलून गेलो, तर सगळे अंगावरच आले. एक म्हणाला, घराचं दार सताड उघडं टाकलंस. दुसऱ्याच्या मते हे जुन्या टर्मिनलवाल्यांचं सोवळं होतं. तिसऱ्याचा आक्षेप खरोखर वजनदार होता, त्याकडे येतोच.

आधी दाराचं बघू. ज्या संगणकाची डिस्क कूटबद्ध केलेली नाही, त्याच्या लॉगिनच्या पडद्यानं नेमकं काय राखलं जातं? पेन ड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स घेऊन आलेला माणूस तो पडदा न पाहताच सगळ्या फायली वाचतो. पेन ड्राइव्हही नको. ग्रबच्या यादीवर 'ई' दाबायचं, कर्नलच्या ओळीच्या शेवटी सिस्टमडीच्या जागी बॅश सुरू करायला सांगायचं, की रूटचा प्रॉम्प्ट हात जोडून समोर उभा. पासवर्ड कुणी विचारतच नाही. आणि चोर इतका शिकलेला नसेल तर तो डबाच काखोटीला मारून नेईल. म्हणजे हा पडदा अडवतो तो फक्त एकाच जातीच्या माणसाला: ज्याला काही येत नाही आणि जो सहज खुर्चीत येऊन बसला आहे. आमच्या दुकानात असा माणूस म्हणजे पुतण्या, आणि पासवर्ड तर त्यानंच ठेवलेला.

दुकानाचं कुलूप शटरला असतं, हिशेबाचं कुलूप डिस्कच्या कूटबद्धतेत. सुरक्षेची खरीच काळजी असेल तर सातबाऱ्यासाठी आलेल्या लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये महिनोन्महिने पडून असतात, त्या रोज संध्याकाळी पुसा. आपोआप उघडणाऱ्या खात्याला पासवर्डाशिवाय सुडो देऊ नका. हे कंटाळवाणं काम कुणी करत नाही. पासवर्डचा पडदा मात्र सगळ्यांना हवा असतो, कारण तो दिसतो.

पडद्याची वंशावळही पाहण्यासारखी आहे. एक्स विंडो प्रणाली 1984 साली एमआयटीत जन्मली, तिची अकरावी आवृत्ती 1987 साली आली, आणि 1988 साली त्या आवृत्तीच्या तिसऱ्या प्रकाशनाबरोबर एक्सडीएम हा पहिला लॉगिन मॅनेजर आला. तेव्हा एक्स टर्मिनल नावाची यंत्रं बाजारात येत होती: पडदा, कळफलक, माऊस, आणि पोटात डिस्क नाही. एक मोठं यंत्र, त्याला लटकलेले अनेक पडदे, त्यांच्यापुढे बसणारी अनेक माणसं. कुणाला आत घ्यायचं हे तिथे कुणीतरी विचारायलाच हवं होतं. पुढे यंत्र एकेका माणसाचं झालं, आणि द्वारपाल सवयीनं त्याच्याही दाराशी येऊन बसला. तळेगावला एसटीचं आगार आहे. गाडीत कंडक्टर लागतो हे तिथे कुणी नाकारणार नाही. पण आपल्या मोटारसायकलवर बसताना आपणच आपल्याला तिकीट फाडून देत नाही.

सोवळ्याच्या आरोपाला उत्तर इथेच मिळतं. लाइटडीएमच्या जागी मी ज्याला बसवलं तो गेट्टी, कन्सोलवर नाव विचारणारा लहानसा प्रोग्राम, एक्सडीएमहून पुष्कळ जुना. नावातला 'टीटीवाय' म्हणजे टेलिप्रिंटर. पण तो जुना असला तरी वस्तुसंग्रहालयात गेलेला नाही; आजच्या बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री दाबा, काळ्या पडद्यावर नाव विचारायला तो हजर. मी यंत्रात नवं काही घातलं नाही. जो आधीपासून कामावर होता त्यालाच काम दिलं आणि बसून खाणाऱ्याला घरी पाठवलं.

आता तिसरा आक्षेप. तो असा: लाइटडीएमच्या सेटिंगमध्ये एका ओळीत वापरकर्त्याचं नाव लिहिलं की तोही पासवर्ड न विचारता आत सोडतो, मग मॅनेजरच उपटून काढायचा अट्टहास कशाला? हे खरं आहे. एवढ्यावर ज्याचं भागतं त्याच्याशी माझं भांडण नाही. पण ज्याला कुणालाच अडवायचं नाही असा द्वारपाल पगारी ठेवला की तो दोन तऱ्हांनी महाग पडतो. पहिली तऱ्हा हक्कांची. 2017 साली आलेल्या डेबियन 9 पासून, सिस्टमडीच्या लॉगिन सेवेच्या मदतीनं, एक्स सर्व्हर साध्या वापरकर्त्याच्या हक्कांवर चालू शकतो. पण त्या आवृत्तीत ही सोय फक्त कन्सोलवरून 'स्टार्टएक्स' या आज्ञेनं एक्स सुरू करणाऱ्याला आणि ग्नोमचा लॉगिन मॅनेजर जीडीएम वापरणाऱ्याला होती. बाकीचे मॅनेजर एक्सला रूटच्याच हक्कांनी उभं करत. म्हणजे सुरक्षेच्या नावानं जो पडदा राखायचा, त्याच्याचमुळे पडद्यामागचा सगळ्यात मोठा आणि किचकट प्रोग्राम सर्वाधिकार घेऊन चालायचा. आक्षेपकांनी याचा हिशेब मांडलेला मला अजून दिसलेला नाही.

दुसरी तऱ्हा मला जास्त महत्त्वाची वाटते: बिघाड झाल्यावर कोण काय बोलतं. गेल्या हंगामात दुकानातली डिस्क स्कॅन केलेल्या कागदांनी गच्च भरली. लॉगिन मॅनेजर असता तर काय झालं असतं ते मी दुसरीकडे पाहिलेलं आहे. पडदा येतो, पासवर्ड घेतो, क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तोच पडदा. पासवर्ड चुकला असं तो म्हणत नाही, बरोबर आहे असंही म्हणत नाही. माणूस दहा वेळा टाइप करतो आणि शेवटी यंत्र उचलून दुरुस्तीला नेतो. आमच्याकडे काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या. मित्रानं मोबाइलवर फोटो काढून मला पाठवला, त्यात डिस्कवर जागा शिल्लक नसल्याची ओळ होती. मी फोनवर तीन आज्ञा सांगितल्या, त्यानं एकेक अक्षर विचारून टाइप केल्या, दुकान सुरू. यंत्रानं निदान तक्रार तरी स्वतःच्या तोंडानं केली.

कृती सांगायला फार वेळ लागत नाही, पण तीत तीन-चार खड्डे आहेत. सिस्टमडी यंत्राला एका 'टार्गेट'पर्यंत नेतो. ग्राफिकल टार्गेट लॉगिन मॅनेजरला सोबत ओढून आणतं, मल्टी-युजर टार्गेट आणत नाही; म्हणून सिस्टमसीटीएलच्या सेट-डिफॉल्ट आज्ञेनं दुसरं निवडायचं. मग पहिल्या कन्सोलच्या गेट्टी सेवेला एक पूरक फाइल जोडायची आणि तिच्यात ऑटोलॉगिनचा पर्याय व वापरकर्त्याचं नाव द्यायचं. इथे नवखे हमखास आपटतात: एक्झेकस्टार्टची नवी ओळ लिहिण्याआधी तीच ओळ एकदा कोरी लिहावी लागते. जुनी आज्ञा पुसली गेली नाही तर एका सेवेला दोन आज्ञा होतात आणि सिस्टमडी ती सेवा चालवायलाच नकार देतो. त्या सेवेचा प्रकार मुळात 'आयडल' असतो, म्हणजे बाकीची कामं आटोपेपर्यंत ती पाच सेकंदांपर्यंत थांबू शकते. 'सिंपल' केला की हे थांबणं गेलं.

शेवटी वापरकर्त्याच्या प्रोफाइल फाइलमध्ये अट घालायची: आपण पहिल्या कन्सोलवर आहोत आणि एक्स अजून उभा नाही, तरच स्टार्टएक्स. ही अट आळसानं गाळू नका. एक्स बिघडला तर दुसऱ्या कन्सोलवर जाऊन दुरुस्ती करायची वाट तिच्यामुळेच उघडी राहते. पुष्कळ जण स्टार्टएक्सच्या आधी 'एक्झेक' लिहायला सांगतात, म्हणजे एक्स पडला की मागे शेल उरत नाही. पासवर्ड देऊन आत आलेल्यासाठी हा सल्ला पक्का. पण जिथे शेल आपणच ताटात वाढून ठेवला आहे तिथे ते नुसतं कर्मकांड, आणि चुकीबद्दलचा संदेश वाचायच्या आत पडदा पुसला जातो तो वेगळाच. दुकानात मी 'एक्झेक' लिहिलेलं नाही. ज्या चार ओळींचा फोटो मला आला, त्या त्यामुळेच पडद्यावर टिकल्या.

मराठी माणसाला खास बोचणारा एक खड्डा राहिला. बहुतेक जण एक्सइनिटआरसी फाइलमध्ये डेस्कटॉपचं नाव लिहितात. डेबियनवर ती फाइल असली की एक्ससेशनच्या तयारीच्या स्क्रिप्ट वगळल्या जातात, आणि देवनागरी टाइप करू देणाऱ्या आयबसला सुरू करणारी स्क्रिप्ट त्यांतच असते. परिणाम: डेस्कटॉप झकास येतो आणि देवनागरी टाइप होत नाही. मी एक अख्खी दुपार कळफलकाला दोष देण्यात घालवली. नाव एक्ससेशन फाइलमध्ये लिहिलं की प्रश्न मिटतो.

लॉगिन मॅनेजर गेला तर पेन ड्राइव्ह उघडणार नाही, यंत्र बंद करायलाही रूट लागेल, अशी एक भीती घातली जाते. पण गेट्टीतून येणारा माणूसही लॉगिनची तपासणी करणाऱ्या पॅममधूनच येतो, त्याचं सत्र सिस्टमडीकडे नोंदलं जातं, हक्क मिळतात. ज्यांनी हे अनुभवलं म्हणतात त्यांच्याकडे बहुधा त्यासाठीचं पॅमचं पॅकेज बसवलेलं नसतं.

माझ्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही दोन शब्द. मेमरी वाचते, वेग वाढतो, अशी जाहिरात करू नका. वाचणारी मेमरी एका ब्राउझरच्या टॅबपुढे चिल्लर आहे. वेगाबद्दल बोलायचंच तर सिस्टमडी-अॅनलाइझ चालवून पाहा; वेळ खाणारे बहुधा वेगळेच निघतात. लाईन आल्यावर माणसाची वाट न पाहता यंत्र कामाला लागतं, आणि बिघडलं तर बोलतं, एवढाच माझा दावा आहे.

तोही सगळीकडे चालवायचा नाही. ग्नोमचं पडदा-कुलूप जीडीएमवर अवलंबून आहे. तो काढला तर कुलूप लागत नाही, तेव्हा ग्नोमवाल्यांनी या वाटेला जाऊ नये. लाइट-लॉकर वापरणाऱ्यांनी तो बदलून दुसरा घ्यावा, कारण तो लाइटडीएमशिवाय अपंग आहे. पासवर्ड साठवणारी किल्ल्यांची पेटी लॉगिनच्या पासवर्डनं उघडते. पासवर्डच नसला की ती ब्राउझर उघडताना मध्येच हटकते. शाळेच्या संगणक कक्षात, ग्रामपंचायतीच्या टेबलावर, जिथे दोन माणसांच्या फायली एकमेकांपासून लपायला हव्यात, तिथे तो पडदा हवाच.

पुतण्या आता आर्वीला कॉलेजात जातो. त्याच्या लॅपटॉपची डिस्क मी कूटबद्ध केली आणि लाइटडीएम जागच्या जागी ठेवला, कारण ती वस्तू एसटीत, वसतिगृहात, कुठेही राहून जाऊ शकते. सुरू करताना त्याला डिस्कचा परवलीचा शब्द द्यावा लागतो आणि वर लॉगिनचाही. दुकानात एकही नाही आणि आपल्याला दोन, हा अन्याय त्याला मान्य नाही. परवा त्यानं लॅपटॉप उघडला तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा दिसला.