मॅच तुमची, अपलोड कुणाचा?

मंडळी, या वीकेंडला जरा तांत्रिक. घाबरू नका, गणित नाही.

पीअर-टू-पीअर लाइव्ह व्हिडिओ ही कल्पना मला कॉलेजपासून आवडते. सगळा भार सर्व्हरवर टाकण्याऐवजी बघणाऱ्यांनीच एकमेकांना तुकडे द्यायचे. पंगतीत वाढप्याची वाट न बघता भाताचं भांडं पुढे सरकवतो ना, तसं. जेवणारे वाढले की वाढपीही वाढले. कागदावर एकदम झकास!

पण टॉरेंटने फाइल उतरवणं वेगळं आणि चालू मॅच बघणं वेगळं. टॉरेंटमध्ये तुकडे कुठल्याही क्रमाने आले तरी चालतात, रात्रीपर्यंत फाइल पूर्ण झाली म्हणजे झालं. लाइव्हमध्ये तुकडा वेळेवर आला नाही तर तो कचरा. वर सगळ्यांना हवा तोच ताजा तुकडा, जो अजून मोजक्याच लोकांकडे पोचलाय.

सुरुवातीला झाडासारखी रचना वापरत. एकाने दोघांना द्यायचं, दोघांनी चौघांना. वरचा कुणी लॅपटॉप मिटून जेवायला गेला की खालची अख्खी फांदी अंधारात. २००४ च्या सुमारास आलेल्या कूलस्ट्रीमिंगने हे झाडच काढून टाकलं. व्हिडिओचे एकेका सेकंदाचे तुकडे करायचे, १२० तुकड्यांपैकी आपल्याकडे कुठले आहेत ते भागीदारांना सांगत राहायचं, आणि ज्याच्याकडे हवं ते असेल त्याच्याकडून मागून घ्यायचं. एक गेला तर दुसरा आहेच. मला आजही हे डिझाइन देखणं वाटतं. चीनमधल्या पीपीलाइव्हने तर जानेवारी २००६ मध्ये नववर्षाचा कार्यक्रम एकाच वेळी दोन लाख लोकांना दाखवला.

मग बिनसलं कुठे? २००७ मध्ये पीपीलाइव्हची मोजणी करणारा एक पेपर आला. त्यात दिसलं की काही प्रेक्षक इतरांपेक्षा मिनिटभर किंवा त्याहूनही मागे असतात. म्हणजे शेजारच्या विंगमध्ये 'आउट!' म्हणून ओरडा झाला, तरी तुमचा बोलर अजून रनअपच घेतोय. (क्रिकेटवाल्यांना यापेक्षा मोठी शिक्षा नाही.) दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. युनिव्हर्सिटीच्या जाड लाइनवर बसलेले प्रेक्षक घरगुती ब्रॉडबँडवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त अपलोड करत होते. थोडक्यात, विश्वासार्हता आकाशातून पडत नव्हती, तिचं बिल कुठलं तरी कॉलेज भरत होतं.

आपल्याकडे बहुतेक प्रेक्षक मोबाइलवर. फोन ऑपरेटरच्या नॅटमागे, त्यामुळे दुसऱ्या फोनशी थेट जोडणं कटकटीचं. अपलोड केलं की बॅटरी उतरते, डेटा पॅक संपतो. म्हणूनच १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक होते, तो डोलारा सीडीएनच्या जिवावर उभा राहिला. पैसे लागले, पण ते कंपनीचे. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

याचा अर्थ पीटूपी मेलं असं नाही. पीअरट्यूबने २०२१ मध्ये लाइव्ह आणलं, तेही ब्राउझरमधूनच तुकडे वाटतं, आणि नको असेल तर वाटणं बंद करायची सोय देतं. छोट्या संस्थेला, गावच्या व्याख्यानमालेला सीडीएनचं बिल कुठून परवडणार? तिथे हे हवंच. फक्त अपलोड आधी विचारून सुरू करा. वायफाय असेल तरच, आणि आज माझ्याकडून किती एमबी गेलं तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसू दे.