स्वस्त डिझेल कोणाच्या टाकीत?

पाटण तालुक्यातील चढउताराच्या रस्त्यांवर डिझेल इंजिनाची महती वेगळी सांगावी लागत नाही. कुंभार्ली घाट चढणारी एस. टी., माणसांनी खच्चून भरलेली वडापची जीप, शेतातला ट्रॅक्टर ही सारी डिझेलवरच चालत आली. अधिक ओढ आणि लिटरमागे अधिक अंतर हे त्या इंजिनाचे गुण खरेच आहेत. मग मोटार घेणाऱ्या सुस्थित गृहस्थानेही डिझेलचीच का घेऊ नये, असे विचारले जाते.

परंतु हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. शेतकरी आणि सार्वजनिक वाहतूक यांच्या नावाने सरकारने डिझेलचा भाव दाबून धरला होता. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले, आणि मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपासच होते. मोटार-कारखानदारांनी ही संधी अचूक हेरली. डिझेल मोटारींवर ८० हजार रुपये जादा अबकारी कर बसवावा, ही किरीट पारीख समितीची २०१० मधील शिफारस कागदावरच राहिली. जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत किरकोळ डिझेलपैकी सुमारे १३ टक्के शेतीकडे आणि जवळपास तेवढेच खाजगी मोटारींकडे जात असल्याचे आढळले!

त्याहून विपरीत निर्णय जानेवारी २०१३ चा. घाऊक ग्राहकांना बाजारभाव लागू झाला, आणि एस. टी. ठरली घाऊक ग्राहक. म्हणजे शेतमजूर बाई बसलेल्या गाडीला महाग डिझेल, आणि शेजारून जाणाऱ्या वातानुकूलित मोटारीला अनुदानाचे! परिवहन महामंडळांच्या गाड्यांवर किरकोळ पंपांपुढे उभे राहण्याची पाळी आली.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मुक्त झाले आणि भावांतील दरी अरुंद झाली. एप्रिल २०२० च्या भारत-६ निकषांनी डिझेल मोटार आणखी महाग केली. मारुतीने तर ती बनवणेच थांबवले. धुरातील काजळी अडवणारी गाळणी लांबच्या, वेगाच्या प्रवासात स्वच्छ होते. बाजारापुरत्या फेऱ्यांत ती तुंबते. पेट्रोल मोटारही निर्दोष नाहीच. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर लिटरमागे अंतर थोडे घटते, हे उसाच्या कराड-पाटणात कोणाला रुचणार नाही. तरी वर्षाकाठी बेताचेच फिरणाऱ्या कुटुंबाला आज पेट्रोलच परवडेल.

एस. टी.ला मात्र अशी निवड नाही. तिच्या डिझेलवरही राज्य सरकार मूल्यवर्धित कर घेते, जसा मोटारमालकाकडून घेते. पाटणच्या कार्यकर्त्यांनी करमाफीची मागणी प्रथम एस. टी.साठी लावून धरावी. डोंगरातल्या वाडीची फेरी बंद पडली, की माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली घरी बसतात.