उसन्या शेअरांचा व्यापार

नफा नसलेल्या कंपनीचा भाव उतरेल असे मानून काही लोक तिचे शेअर उसने घेऊन विकतात, आणि पुढे स्वस्तात घेऊन मालकास परत करतात. मधली तफावत त्यांची. पायलीभर उसने भात पायलीनेच फेडावे, मग बाजारभाव काहीही असो, तसेच हे.

विजेच्या मोटारी करणारी अमेरिकेतील टेस्ला कंपनी २००३ साली निघाली. २०१९ अखेरपर्यंत एकाही पूर्ण वर्षी तिला नफा झाला नव्हता. तर्क खोटा म्हणवत नाही! परंतु २०२० साली तिचा शेअर आठपटीहून अधिक झाला. वर्षारंभी शंभरास विकलेला शेअर वर्षाअखेर आठशेंहून अधिक देऊन फेडावा लागला असता. विकत घेणाऱ्याचे फार तर शंभर बुडतात. येथे तोट्यास मर्यादाच नाही. शिवाय भाव चढेल तसे तारण वाढवावे लागते, आणि तेवढा पैसा नसला की भाव उतरण्यापूर्वीच व्यवहार मिटवावा लागतो.