परीक्षा कॉपीमुक्त, मग घरातला संगणक?



दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की कॉपीमुक्त अभियान सुरू होतं. मुलं शपथ घेतात, आपण सूचना देतो. पण त्याच मुलाच्या घरातल्या संगणकावर जी विंडोज आहे, ती विकत घेतलेली आहे का? पनवेल, कामोठे, कळंबोलीत जोडून घेतलेल्या जुन्या संगणकांबद्दल हा प्रश्न विचारून बघा. "दुकानदारानेच टाकून दिली" असं उत्तर बऱ्याचदा मिळेल. मुलं आपली भाषणं विसरतात, पण घरात काय चालतं ते बरोबर टिपतात.

हा विषय आत्ता काढायला आणखी एक कारण आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला नेहमीची सुरक्षा अपडेट देणं बंद केलं. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली वाढीव मुदत ऑक्टोबर 2026 पर्यंतची आहे आणि तीही नोंदणी करणाऱ्यांनाच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा सोय आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे आठ-दहा वर्षांपूर्वीचा, अजून नीट चालणारा संगणकही बऱ्याचदा त्यात बसत नाही. मग काय, भंगारात द्यायचा? की पुन्हा कोणाकडून तरी फुकटची कॉपी टाकून घ्यायची?

माझं स्पष्ट मत आहे, की नवा संगणक घेण्याआधी जुन्यावर लिनक्स वापरून बघा.

लिनक्स म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नाही. 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तीच आहे. तिचा परवाना सांगतो, की वापरा, आतली रचना अभ्यासा, बदला आणि दुसऱ्यालाही द्या. म्हणजे इथे मित्राला कॉपी करून देणं हा गुन्हा नाही, उलट तेच अपेक्षित आहे! मुलांना प्रामाणिकपणा आणि सहकार्य एकत्र शिकवणारं याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

"पण मुलांना जमेल का?" असं पालक विचारतात. केरळकडे बघा. 2001 मध्ये तिथे 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. पुढे सरकारी शाळांमधला संगणक विषय मुक्त सॉफ्टवेअरवर आला आणि आज तिथली लाखो मुलं लिनक्सवरच शिकतात. ती मुलं काही वेगळ्या मातीची नाहीत. अडचण मुलांना कमी आणि आपल्याला जास्त येते, कारण आपण संगणक म्हणजे विंडोज असंच शिकलो.

आता अडचणीही सांगायला हव्यात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील. वर्डची फाइल लिबर ऑफिसमध्ये उघडली की तक्ते कधी कधी सरकतात, म्हणून छपाईला पीडीएफच द्यावी. काही प्रिंटर लगेच चालतात, काही छळतात. एखाद्या क्लासचं किंवा कामाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर विंडोज ठेवावी, पण रीतसर घेतलेली. बाकी मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये मिळतो. ब्राउझरमधली कामंही तशीच होतात.

सुरुवात कशी करायची?

1. महत्त्वाच्या फाइल आणि फोटो आधी दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. ही पायरी गाळू नका.
2. लिनक्स मिंट किंवा उबुंटू अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. मिंटला किमान 2 जीबी रॅम लागते, 4 जीबी असेल तर बरं. जुन्या संगणकाला मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.
3. रूफससारख्या मोफत प्रोग्रॅमने ती 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.
4. संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता लिनक्स चालवून बघता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा.
5. पसंत पडली तरच इन्स्टॉल करा. जागा असेल तर विंडोजच्या शेजारीही ठेवता येते.

आणि हे काम दुकानदाराकडे देऊ नका. रविवारी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून करा. लहान भावंडांसाठी टक्स पेंट आणि जीकॉम्प्रिस टाका, दोन्ही मोफत आहेत. आपल्या संगणकात काय चाललंय ते मुलाला कळलं, की तो नुसता बटणं दाबणारा राहत नाही.

शिक्षक मित्रांनो, शाळेच्या संगणक कक्षात एखादं जुनं यंत्र धूळ खात पडलं असेल, तर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्यावर हा प्रयोग करा. पुढच्या पालकसभेत ते चालू करून दाखवा. कॉपी न करण्याची शपथ मुलं घेतातच, आपणही आपल्या घरापासून ती पाळू या.