शंकेची पाल

परवा आमच्या भाच्याने, बंडूने, घरात एक ठराव मांडला : "या दिवाळीला मला फटाके नकोत, कपडे नकोत. एक सरडा हवा." ताईच्या हातातला चकलीचा सोऱ्या जागच्या जागी थांबला. "भिंतीवरच्या पाली काय कमी पडल्या, म्हणून आता विकतचा सरडा?" एवढे बोलून तिने प्रकरण माझ्याकडे सोपविले. मामा म्हटला की असली कामे त्याच्याच वाट्याला यावयाची!

बंडूला मी एकदम नाही म्हटले नाही. सरडा भुंकत नाही, गाद्यांवर केस सांडीत नाही, शेजाऱ्यांशी भांडण लावीत नाही. हौस काही वाईट नाही. पण कोणता सरडा? एरवी शंकेची पाल मनात चुकचुकते ती वस्तू घरी आल्यावर. जिवंत प्राण्याच्या बाबतीत ती आधी चुकचुकली पाहिजे.

बंडूच्या यादीत पहिला होता इग्वाना. दुकानात तो वीतभर, हिरवागार आणि मोठा गोजिरवाणा दिसतो. पण तो शेपटीसकट पाच फुटांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक वाढतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तो पोटभाडेकरू होऊन बसावयाचा! शिवाय त्याचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे अशा प्राण्याची मालकी सरकारदरबारी नोंदवावी लागते.

दुसरी घोरपड. सिंहगडाच्या गोष्टीच्या जोरावर ती यादीत आलेली. पण ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. यादीतून काट!

तिसरा लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची एक पाल. हिला पापण्या असतात आणि गुळगुळीत काचेवर चढता येत नाही. परदेशात नवशिक्यांची ही मोठी आवडती. पण हिचे सख्खे भाऊबंद आपल्याच सातपुड्यात आणि महाराष्ट्राच्या इतर रानांत राहतात, हे विसरता कामा नये. रानातली पाल उचलून आणावयाची नाही. विकतच्या पालीविषयीही वनखात्याकडे चौकशी केल्याखेरीज पुढे जाऊ नये.

उरला बिअर्डेड ड्रॅगन, हा ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा. तो देश आपले रानटी प्राणी व्यापारासाठी जिवंत बाहेर जाऊ देत नाही. तेव्हा बाजारात मिळतात ते पिंजऱ्यातच पिढ्यान् पिढ्या वाढलेले. स्वभावाने शांत, दिवसा जागा, लांबी दीड ते दोन फूट. मुलाच्या पहिल्या सरड्याला हाच बरा, असा आमचा कौल पडला. तरी विक्रेत्याकडून पावती आणि कागद घ्यावेतच.

मात्र खरी अडचण सरड्याची नाही, त्याच्या संसाराची आहे. त्याला चार फूट लांब, दोन फूट रुंद अशी पेटी लागते. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली चाळीस अंशांच्या आसपास ऊब हवी आणि दुसरे टोक पंचवीसच्या जवळपास थंड. शिवाय अतिनील किरणांचा वेगळा दिवा हवाच. आजी म्हणाली, "त्यापेक्षा पेटी खिडकीत ठेवा, ऊन फुकट आहे." पण ते किरण खिडकीची काच अडविते, आणि बंद पेटी उन्हात भट्टीसारखी तापते. हे किरण नसले की अंगात चुना धरत नाही, हाडे मऊ पडतात, पाय वाकतात. गंमत अशी, की दिवा डोळ्यांना लख्ख दिसत असतानाच त्याचे किरण ओसरलेले असतात. म्हणून तो सहा ते बारा महिन्यांनी बदलावा लागतो. मुंबई-कोकणची पावसाळी दमट हवाही या वाळवंटी जिवाला मानवत नाही. पेटीत हवा खेळती राहिली पाहिजे.

जेवण म्हणजे कॅल्शियमची पूड लावलेले जिवंत रातकिडे. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. मोठेपणी पालेभाजीचा वाटा वाढवावयाचा. सरडा एकच आणावा, कारण दोन नर एका पेटीत नांदत नाहीत. विकत घेताना डोळे स्वच्छ, बोटे शाबूत, शेपटीचे मूळ भरलेले आहे ना, हे पाहावे आणि आपल्यासमोर त्याला खाताना पाहावे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, तेव्हा पाच वर्षांखालील मुलांना दूरच ठेवावे. पेटीतील भांडी स्वयंपाकघरात धुवू नयेत.

आणि शेवटची शंका सर्वांत मोठी. हा सरडा दहा-पंधरा वर्षे जगतो. बंडू आज अकरा वर्षांचा. तो शिकायला परगावी जाईल, तेव्हा रातकिडे कोण टाकणार? पुढच्या दिवाळीत सगळे कोकणात गेले, तर दिवा कोण लावणार?

म्हणून मी बंडूला अट घातली : आधी महिनाभर रिकामी पेटी सांभाळ. सकाळी दिवा लाव, रात्री विझव, दोन्ही टोकांची उष्णता वहीत लिही आणि डबाभर रातकिडे जिवंत ठेव. नवव्या दिवशी तो विसरला. रातकिडे मेले. थोडा रडला आणि पुन्हा पहिल्यापासून लागला.

काल मी वही चाळली. बावीस दिवसांच्या नोंदी सलग होत्या. चौदाव्या दिवशी, बंडू सहलीला गेला होता तेव्हाची नोंद मात्र वेगळ्या, नेटक्या अक्षरात होती. अक्षर ताईचे होते. मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "दिवा काय, जाता-येता लावला. आणि त्या किड्यांनाही गाजराचा तुकडा टाकला, उपाशी कसे ठेवायचे?"

आता सरडा आणावयास हरकत नाही.