मावशींना कुणी विचारलंच नाही

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची लेक सासरी जळून गेली. खटला सहा वर्षं चालला. शिक्षा सुनावण्याच्या दिवशी मी त्यांच्यासोबत कोर्टात गेले होते. जावई दोषी ठरला होता. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, 'शिक्षेबाबत काही सांगायचंय?' म्हातारे आईवडील, पहिलाच गुन्हा, घरात कमावता एकटाच... वकिलांनी सगळं सांगितलं. मावशी मागच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ताई, गॅस पेटवला की नात अजून लपून बसते. हे कुणी विचारलंच नाही."

आरोपीला विचारायलाच हवं. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दिलेला तो हक्क २०२४मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे, ते योग्यच. पण जिचं घर उद्ध्वस्त झालं, तिला त्या वेळी विचारण्याचं बंधन नाही. पीडितावर झालेल्या परिणामांचं निवेदन शिक्षेआधी घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात सुचवलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२०मध्ये असा अहवाल मागवायला सांगितलं, पण तो भरपाई ठरवण्यासाठी.

माझी एक वकील मैत्रीण म्हणते, "उद्या रडण्यावर शिक्षा ठरायला लागली तर?" तिची भीती खोटी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्ये मृत्युदंडाच्या खटल्यांत असा पुरावा नाकारला आणि चारच वर्षांत, १९९१मध्ये, स्वतःचाच निकाल फिरवला. जिच्यामागे बोलणारं माहेर आहे तिच्या जिवाचं मोल जास्त आणि जिला कुणीच नाही तिचं कमी, असं होऊन कसं चालेल?

म्हणून मला वाटतं, निवेदन घ्यावं, पण लेखी. विधी सेवा प्राधिकरणाने घरी जाऊन ते लिहून घ्यावं. जिला कुणीच नाही, तिच्यासाठीही. त्यात झालेलं नुकसान असावं, 'फाशीच द्या' अशी मागणी नको. आरोपीच्या वकिलांना त्यावर प्रश्न विचारता यावेत.

आणि खरं सांगू? मावशींना जावयाची शिक्षा वाढवून नकोच होती. विचारलं असतं, तर त्यांनी नातीच्या शाळेचं आणि औषधपाण्याचं काय, एवढंच विचारलं असतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी नेहमीसारख्या पोळ्या केल्या. नातीचा खर्च आजही त्या पोळ्यांवरच चालतो.