पिचर मुलीचा खांदा

"हात तर खालूनच फिरवते, मग खांदा दुखायचं कारण काय?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जुन्नर, ओतूर, नारायणगाव या भागातील पालकांनी मला पुष्कळदा विचारला आहे. विचारणाऱ्याची मुलगी सॉफ्टबॉल खेळत असते आणि संघात ती पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी असते. खालून टाकलेल्या चेंडूने हाताला काही इजा होत नाही, ही समजूत एकट्या पालकांची नाही. अनेक क्रीडाशिक्षकांचीही तीच आहे, आणि जिथे हा खेळ जन्मला त्या अमेरिकेतही ती बराच काळ होती. तीमुळे नुकसान मात्र मुलींचे होते, म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नावात 'सॉफ्ट' असले तरी चेंडू मऊ नसतो. तो क्रिकेटच्या चेंडूपेक्षा आकाराने मोठा आणि वजनानेही जड, साधारण १८० ते २०० ग्रॅमचा असतो. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचर ४३ फुटांवरून तो टाकते. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, हे लक्षात घ्या. चांगल्या पिचरचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे फलंदाजाला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. हा वेग येतो कोठून? हात पुढून वर, वरून मागे आणि मागून खाली असा पूर्ण गरकन फिरतो आणि मांडीजवळून चेंडू सुटतो. बाजरीच्या रानात माळ्यावर उभे राहून ज्यांनी गोफण फिरवली आहे त्यांना यातली गंमत लगेच कळेल. फरक एवढाच की गोफणीत दोरी फिरते. इथे दोरीचे काम हाताला करावे लागते. आणि दोरी तुटली तर नवी वळता येते.

आता खांद्याकडे वळू. मांडीचा सांधा उखळात मुसळ बसावे तसा खोल बसलेला असतो. खांद्याचे तसे नाही. बशीवर लिंबू ठेवावे तसा तो उथळ खोबणीवर टेकलेला असतो. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच तो शरीरातला सर्वांत बेभरवशाचा सांधा आहे. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू आणि त्यांचे दोरीसारखे बंध. पिचरचा हात वेगाने खाली येतो तेव्हा तो खांद्यातून बाहेर ओढला जातो. ही ओढ शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेरे लावून मोजली आहे. ती त्या मुलीच्या वजनाच्या सुमारे ८० ते ९० टक्के भरते. मुलगी ५० किलोची असेल तर प्रत्येक चेंडूला चाळीस किलोहून जास्त ओढ! वरून चेंडू फेकणाऱ्या बेसबॉल खेळाडूच्या खांद्यावर येणाऱ्या ताणाशी हिची तुलना होऊ शकते. तेव्हा 'खालून टाकते' या शब्दांत समाधान मानण्यासारखे काही नाही.

ही ओढ थोपवण्याचे मोठे काम दंडाच्या पुढच्या स्नायूला, आपल्या बेटकुळीला करावे लागते. वरून फेकताना ती जेवढी राबते त्याहून अधिक ती या फेकीत राबते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पिचर मुली दुखणे दाखवताना बोट नेमके खांद्याच्या पुढच्या बाजूला ठेवतात, ते यामुळेच. तिथून बेटकुळीचा बंध जातो. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॉलेज संघांच्या २४ पिचर मुलींची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यांतल्या २० जणींना इजा झालेली आढळली, आणि बहुतेक इजा खांदा, कोपर, मनगट अशा हाताच्याच होत्या. क्वचित कोपराखालच्या हाडाला पुन्हा पुन्हा पडणाऱ्या पिळामुळे बारीक तडाही जातो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसतोच असे नाही.

मग हे सारे सोसून काही जणी वीस-वीस वर्षे कशा खेळतात? अमेरिकेच्या कॅट ऑस्टरमनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ती डावखुरी, टेक्सास विद्यापीठाची पिचर. कॉलेजच्या कारकिर्दीत तिने दोन हजारांहून अधिक फलंदाज चेंडूला बॅट न लावू देता बाद केले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी देशाच्या संघात निवड झाली, तेव्हा त्या वर्षीचा कॉलेजचा हंगाम ती खेळलीच नाही. देशासाठी सुवर्णपदक जिंकले आणि मग परत येऊन कॉलेज पूर्ण केले. दोन्ही दगडांवर पाय ठेवला नाही. २००८ मध्ये बीजिंगला रौप्यपदक मिळाले. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळला गेला. ऑस्टरमन २०१५ मध्ये निवृत्त झाली, प्रशिक्षक झाली. खेळ टोकियोला पुन्हा येणार म्हटल्यावर २०१८ मध्ये परतली आणि २०२१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तिने आणखी एक रौप्यपदक मिळवले. मधली ती विश्रांतीची वर्षे तिने खास खांद्यासाठी घेतली होती असे मी म्हणत नाही. पण खांद्याला ती मिळाली, हे खरेच.

दुसरे उदाहरण जपानच्या युकिको उएनोचे. ते जास्त सांगितले जाते आणि माझ्या मते चुकीच्या पद्धतीने सांगितले जाते. बीजिंग ऑलिंपिकमध्ये २० ऑगस्ट २००८ या एकाच दिवशी तिने दोन सामने टाकले. दोन्ही लांबले. त्या दिवशीचे तिचे चेंडू झाले ३१८. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, समोर अमेरिका, त्यात आणखी ९५. दोन दिवसांत ४१३ चेंडू, आणि जपानला सुवर्णपदक. शिबिरांत प्रशिक्षक मंडळी ही गोष्ट मुलींना मोठ्या अभिमानाने ऐकवतात. "ती ४१३ टाकू शकते, तुला सत्तर जड होतात?" असा त्याचा रोख असतो. पराक्रम मोठाच, मीही नमस्कार करतो. पण उएनो त्या वेळी २६ वर्षांची होती, कंपनीच्या संघात खेळणे हाच तिचा व्यवसाय होता आणि सामना होता ऑलिंपिकचा. आपली मुलगी सतरा-अठरा वर्षांची, पहाटे गोठ्यातले काम आवरून एसटीने कॉलेजला येणारी, आणि सामना विभागीय फेरीतला. तोलायचे तर दोन्ही पारड्यांत सारखे माप हवे.

शिवाय या गोष्टीचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. २७ जुलै २०२१ रोजी टोकियोत पुन्हा जपान आणि अमेरिका समोरासमोर आले. उएनो पाच दिवसांपूर्वीच ३९ वर्षांची झाली होती. या वेळी तिला एकटीला राबवले नाही. मध्येच चेंडू मिऊ गोतो या वीस वर्षांच्या मुलीच्या हाती दिला, उएनो बाहेर बसली आणि शेवटच्या डावासाठी परत आली. सॉफ्टबॉलच्या नियमात सुरुवातीच्या खेळाडूला असे एकदा परत येता येते. जपान २-० ने जिंकला. ज्या देशाने २००८ साली एका खांद्यावर पदक आणले, त्यानेच तेरा वर्षांनी दुसरा खांदा तयार ठेवला होता. शिबिरात ऐकवायची असेल तर मुलींना ही गोष्ट ऐकवावी.

आपल्याकडची अडचण इथेच आहे. महाराष्ट्र या खेळात देशात नाव राखून आहे. शाळांपासून आंतरविद्यापीठ स्पर्धांपर्यंत मुली खेळतात. पण तालुक्याच्या कॉलेजात मुळात नऊ मुली जमवतानाच शिक्षकांची दमछाक होते. त्यांत सरळ चेंडू टाकणारी एखादीच निघते. मग सराव तिचाच, पहिला सामना तिचा, उपांत्य तिचा, अंतिमही तिचाच. वेळ आणि खर्च वाचवायला स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात, म्हणजे दिवसाला दोन-दोन सामने. एकदिवसीय क्रिकेटमध्ये गोलंदाजाला दहा षटकांवर, म्हणजे साठ चेंडूंवर नियमाने थांबावे लागते. शेजारच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही दहा षटकांच्या वर टाकू शकला नसता. सॉफ्टबॉलच्या मोठ्या स्पर्धांत पिचरला अशी मर्यादाच नाही. नियमाने थांबवले नाही तर माणसाने थांबवायला हवे. आणि ज्याला सामना जिंकायचा आहे तो कशाला थांबवील?

काही वर्षांपूर्वी एक वडील मुलीला घेऊन माझ्याकडे आले. तीन दिवसांत पाच सामने टाकून ती आली होती. वेणी घालायला हात वर जात नव्हता. चार दिवसांवर निवड चाचणी होती. "डॉक्टरसाहेब, एक इंजेक्शन ठोका, एवढी चाचणी निभावून न्या. सर्टिफिकेट मिळालं तर पोरगी नोकरीला लागंल," असे ते काकुळतीने म्हणाले. त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि ज्याच्या घरी दोन एकर टोमॅटो आणि बाजारभावाची धास्ती आहे त्याला त्या कागदाचे मोल माझ्यापेक्षा जास्त कळते. पण वेदनाशामक इंजेक्शनाने दुखणे झाकते, दुखावलेला बंध सांधत नाही. वेदना ही राखणदाराची हाक आहे. ती बंद करून चाळीस किलोची ओढ पुन्हा शंभर वेळा द्यायची म्हणजे बंध पुरता फाटायला निमंत्रण. मी नाही म्हटले. सहा आठवडे चेंडू टाकायचा नाही, त्यानंतर खांद्याचे व्यायाम, असे लिहून दिले. मुलगी त्या वर्षी चाचणीला गेली नाही. पुढल्या वर्षी ती पुन्हा टाकू लागली, पण विद्यापीठाकडून खेळण्याची तिची संधी गेली ती गेलीच. वडील बाजारात दिसले की दुसरीकडे पाहतात. त्यांचा राग मला समजतो. माझा राग मात्र पाच सामन्यांवर आहे. त्यांतले दोन दुसऱ्या कोणी टाकले असते तर माझ्याकडे येण्याची वेळच आली नसती.

मर्यादा किती असावी? अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी शिफारस केली आहे ती अशी : पंधरा वर्षांवरील मुलीने एका सामन्यात १०० आणि दिवसभरात १४० पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, सलग तिसऱ्या दिवशी टाकायचेच झाले तर १०० वर थांबावे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना सामन्यात ८० पुरे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलींनी सलग तिसऱ्या दिवशी टाकूच नये. सरावातले आणि सामन्यापूर्वी हात मोकळा करताना टाकलेले चेंडूही खांद्याने टाकलेलेच असतात, हे मोजणाऱ्याने विसरू नये. पाय आणि कंबर दमली की मुलगी सगळा जोर हातातून काढू लागते आणि इजा होते ती तेव्हाच. म्हणून पिचरच्या व्यायामात दंडापेक्षा बैठकांना आणि पोट-कमरेच्या व्यायामाला जास्त जागा हवी. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलींना वेगळी व्यायामशाळा शोधायची गरज नाही. शिवनेरीच्या पायऱ्या आहेतच.

खाण्याचा विषय निघाला की आया म्हणतात, "खाते की सगळं." पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी असलेली मुलगी चौथ्या-पाचव्या डावात थकते आणि थकली की काय होते ते वर आलेच आहे. बाजरीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, मिळेल तेव्हा अंडे, आणि जेवणावर लगेच चहा नको, कारण चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी खिडकीबाहेर टाकू नये. पाळी दोन-तीन महिने येईनाशी झाली तर 'खेळामुळे होतं असं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला दाखवा. सराव जास्त आणि खाणे कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडे ठिसूळ होतात.

आणखी एक गोष्ट, खांद्याची नव्हे पण पिचरचीच. चेंडू टाकून झाल्यावर ती फलंदाजापासून चाळीस फुटांच्याही आत उभी असते. २०१९ च्या एप्रिलमध्ये फटकावलेला चेंडू तोंडावर लागून उएनोचा जबडा मोडला आणि ती कित्येक महिने मैदानाबाहेर होती. तिच्याएवढी चपळ बाई चुकवू शकली नाही, तिथे आपल्या मुलींचे काय? पिचरसाठी तोंडावर बांधायची जाळी मिळते. संघाच्या गणवेशावर नाव छापण्याआधी ती घ्यावी.

क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे की हजेरीच्या वहीत एक रकाना वाढवावा : आज कोणी किती चेंडू टाकले. आणि प्रत्येक संघात दुसरी पिचर, जमल्यास तिसरीही, हंगाम सुरू होण्याआधी दोन-तीन महिने तयार करायला घ्यावी. सुरुवातीला तिचे चेंडू इकडेतिकडे जातील, एखादा सामना जाईलही. जाऊ द्यावा. पालकांनी तो रकाना महिन्यातून एकदा पाहायला मागावा. शिक्षक रागावले तर खुशाल माझे नाव सांगावे.